तिसरा तुकडा

नव्वद अंशांना काटा शून्यावर यायला हवा होता. तो शून्याच्या दोन घरं अलीकडे थबकला आणि तिथेच थरथरत राहिला. मी प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर डोळे लावून बसले होते, मैत्रीण दुसऱ्या पोलरॉइडची, म्हणजे प्रकाशासमोर धरायच्या राखाडी फिल्मची, तबकडी फिरवत होती. तिने तबकडी जराशी पुढे नेली, काटा वर चढला. मागे आणली, तरी वरच चढला. म्हणजे सर्वांत खालची जागा हीच होती, आणि ती शून्य नव्हती. "शून्य लिही गं," ती म्हणाली, "जर्नल आजच तपासून घ्यायचंय." मी शून्य लिहिलं. मग त्याच्याशी जुळावं म्हणून ऐंशी अंशांचं रीडिंगही थोडं खाली ओढलं. आलेख असा झकास वळला की पुस्तकातल्यापेक्षा सुबक. सरांनी नीट न बघताच सही केली.

मालुसचा नियम पडताळणे, हे त्या प्रॅक्टिकलचं नाव. दोन पोलरॉइडांमधला कोन बदलला की पार होणारा प्रकाश किती कमी होतो, ते हा नियम सांगतो. त्यातून मी बाहेर पडले ती एक सूत्र आणि एक गैरसमज घेऊन. सूत्र बरोबर होतं. गैरसमज एका शब्दात मावणारा होता: गाळणी.

पोलरायझर (मराठीत ध्रुवक; पोलरॉइड हा त्याचाच एक प्रकार) म्हणजे प्रकाशाची गाळणी, असं तेव्हा कुणीतरी सांगितलं आणि ते इतकं पटलं की पुढे अनेक वर्षं मी त्यावर विचारच केला नाही. साध्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं मिसळलेली असतात. पोलरायझर त्यातली एका दिशेची तेवढी पुढे सोडतो, बाकीची अडवतो. म्हणजे वाळू चाळण्यासारखंच. बारीक खाली, जाड वर. दुसरी चाळणी पहिलीच्या काटकोनात धरली तर पहिलीतून आलेलं सगळं दुसरीवर अडकतं, खाली काही पडत नाही. अंधार. किती सोपं!

हा सोपेपणा मोडायला प्लास्टिकचा एक तुकडा पुरला. तोही मीच कापलेला.

काही महिन्यांपूर्वी ध्रुवक फिल्मचा एक मोठा ताव हाती आला. राखाडी, पातळ, दोन्ही बाजूंना संरक्षक कागद. कात्रीने पत्त्याएवढे तुकडे कापले. कापताना तो जरा करकरतो आणि कडेला बारीक चिरा पडतात. कागद सोलले, दोन तुकडे एकावर एक धरून खिडकीकडे बघितलं आणि वरचा हळूहळू फिरवला. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दोन्ही तुकडे पारदर्शक आहेत, जागचे हललेले नाहीत, मधे काही आलेलं नाही. नुसतं वळवल्याने खिडकी विझत जाते. आणि शेवटी जे उरतं ते काळं नसतं. डोळे बारीक करून पाहिलं तर गडद जांभळं असतं. त्या क्षणी मला ते जुनं मीटर आठवलं, आणि ती दोन घरं.

मग ठरवलं की प्रॅक्टिकल पुन्हा करायचं. यावेळी सहीची घाई नव्हती.

पहिली अडचण अशी की तुकड्यावर त्याचा अक्ष छापलेला नसतो. प्रकाशाची कोणती दिशा तो पुढे सोडतो, हे आपणच शोधायचं. त्याची एक जुनी युक्ती आहे. चकचकीत फरशीवर पडलेली खिडकीची तिरीप तिरक्या नजरेने बघायची आणि तुकडा डोळ्यांसमोर धरून फिरवायचा. एका ठिकाणी ती तिरीप जवळजवळ नाहीशी होते आणि खालच्या फरशीचा पोत दिसू लागतो. आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात आडव्या कंपनाचा वाटा जास्त असतो. म्हणून चमक मेली की समजायचं, तुकड्याचा अक्ष आता उभा आहे. सगळ्याच कोनांना हे सारखं होत नाही. काचेसाठी लंबापासून सुमारे ५६ अंश आणि पाण्यासाठी ५३ अंश, या कोनांना परावर्तित प्रकाश पूर्णपणे ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये तो नियम बसवला. पोलरॉइड गॉगल याच्याच जिवावर चालतात. त्यांचा अक्ष उभा असतो, म्हणून पाण्यावरची आडवी झळाळी ते खातात. आणि म्हणूनच गॉगल घालून फोन एका बाजूला कलता केला की कधीकधी पडदा काळा पडतो आणि माणूस उगाच फोन आपटून बघतो.

अक्ष सापडला, दोन्ही तुकड्यांवर पेनने बाण काढले. रात्री खोलीतले दिवे घालवले, पडदे ओढले. एक विजेरी, तिच्यासमोर पहिला तुकडा, मग कोनमापकावर चिकटवलेला दुसरा, आणि पलीकडे फोन. फोनच्या माथ्याशी प्रकाश मोजणारा सेन्सर असतो, त्याचं रीडिंग लक्समध्ये, म्हणजे उजेडाच्या एककात, दाखवणारं ॲप उतरवून घेतलं. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण हे यंत्र खोटंही बोलत नाही. खोटं बोलणारी इथे एकच होते आणि ती मी.

मधे काहीच नसताना १०४० लक्स. एक तुकडा ठेवल्यावर ४२६. दुसरा समांतर ठेवल्यावर ३५०. हे तीन आकडे वहीत लिहून मी बराच वेळ बघत बसले, कारण त्यांत गाळणीवाल्या चित्राला पहिला तडा होता. सगळ्या दिशांतून एकच दिशा पुढे जाऊ द्यायची असेल तर पहिल्याच तुकड्यापाशी जवळपास सगळा प्रकाश अडायला हवा. तीनशेसाठ अंशांच्या गर्दीतून नेमकी उभी कंपनं असणार तरी किती? चिमूटभर. पण इथे तर चाळीस टक्के पार गेला. आणि आदर्श पोलरायझर असता तर बरोबर अर्धा गेला असता. माझा तुकडा स्वतःचा म्हणून प्रत्येक वेळी थोडा जास्त खातो एवढंच. अर्धा! काटेकोर चाळणी अर्धं सोडत नाही.

तिरकं कंपन तुकड्यावर आलं की त्याचं काय होतं, इथे सगळी मेख आहे. तुकडा त्याला "तू तिरकं आहेस, परत जा" म्हणत नाही. तो त्याचे दोन हिस्से पाडतो: एक आपल्या अक्षाच्या दिशेचा, एक त्याला काटकोनात. पहिला पुढे जातो, दुसरा तुकड्यात शोषला जाऊन त्याची किंचित उष्णता होते. भिंतीला तिरकी टेकवलेली काठी घ्या. डोक्यावरून उजेड टाकला तर तिची सावली जमिनीवर पडते, बाजूने टाकला तर भिंतीवर. काठी एकच, सावल्या दोन, आणि कोन बदलला की एक लांबते तेव्हा दुसरी आखडते. पुढे जाणाऱ्या हिश्श्याची लांबी म्हणजे मूळ लांबी गुणिले कोनाचा कॉस.

पण मीटर ही लांबी मोजत नाही. मीटर ऊर्जा मोजतं, आणि लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून कॉसचा वर्ग. साठ अंशांना लाटेची उंची निम्मी राहते, पण तीव्रता पाव. पंचेचाळीसला उंची सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि तीव्रता निम्मी. वर्गाचा आणखी एक फायदा असा की हिशेब चोख बसतो: कॉसचा वर्ग अधिक साइनचा वर्ग बरोबर एक, म्हणजे पुढे गेलेलं अधिक शोषलेलं बरोबर आलेलं. पायथागोरसचाच त्रिकोण, फक्त उजेडाचा. आणि सगळ्या कोनांवर कॉस वर्गाची सरासरी काढली की ती येते अर्धी. पहिल्या तुकड्यातून अर्धा प्रकाश का जातो, याचं उत्तर एवढंच.

माझी रीडिंगं अशी आली: शून्य अंशांना ३५०, तीसला २६१, पंचेचाळीसला १७७, साठला ९१, ऐंशीला १३, नव्वदला ३. सूत्राने तीसला २६२ यायला हवे, साठला ८८. टॉर्च, कात्री आणि फोन यांच्या मानाने हे फार झालं.

पण या आकड्यांपेक्षा मला जास्त गुंतवलं ते आकडे आणि डोळे यांच्यातल्या तफावतीने. तुकडा फिरवताना डोळ्यांना वाटतं की बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटच्या काही अंशांत सगळं एकदम कोसळतं. पंचेचाळीसला निम्मा प्रकाश गेलेला असतो आणि बघणारा म्हणतो, "हां, जरा मंद झाला." मीटरचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते सगळ्यात वेगाने घट होते ती नेमकी पंचेचाळीसपाशीच. तिथे एक अंश सरकवा, कमाल तीव्रतेच्या पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो. शून्यापाशी तोच एक अंश जेमतेम तीन शतांश टक्का हलवतो. दोघंही खरं बोलतात. डोळा फरक मोजत नाही, पट मोजतो. पंचेचाळीसपर्यंत प्रकाश फक्त निम्म्यावर आलेला असतो, पण ऐंशीला तो तीन टक्के असतो, पंच्याऐंशीला पाऊण टक्का आणि एकोणनव्वदला तीन शतांश टक्के. तिथे दर काही अंशांना तो चौपट-पाचपटीने खाली उतरतो आणि डोळ्याला तो कडा वाटतो. ऐंशीचं रीडिंग खाली ओढताना मी नेमका हाच कडा सपाट केला होता.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो एतिएन-लुई मालुस मुळात लष्करी इंजिनिअर. जन्म १७७५. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेला, जाफामध्ये प्लेगने आजारी पडला आणि त्यातून वाचला. १८०८ मध्ये तो पॅरिसमध्ये होता. आइसलँड स्पार नावाच्या कॅल्साइट स्फटिकातून वस्तू दुहेरी दिसतात, हे रास्मुस बार्थोलिनने १६६९ मध्येच लिहून ठेवलं होतं. ते का, याच्यावर फ्रेंच विज्ञानसंस्थेने बक्षीस लावलेलं होतं, आणि मालुस त्याच्या मागे होता. एका संध्याकाळी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून मावळतं ऊन परावर्तित होत होतं. त्याने घरातून त्या उन्हाकडे स्फटिकातून पाहिलं. दोन प्रतिमा दिसायला हव्या होत्या. स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा फिकी होत गेली आणि दुसरी उजळत गेली. माझ्या फरशीवरची तिरीप आणि त्याच्या खिडकीवरचं ऊन, गोष्ट एकच. फरक इतकाच की मला उत्तर माहीत होतं.

म्हणजे तोवर लोकांना वाटे की हा चमत्कार स्फटिकाच्या पोटात घडतो. मालुसला दिसलं की साध्या काचेवर आपटूनसुद्धा प्रकाशाला ही गोष्ट चिकटते. स्फटिक फक्त ती दाखवतो. कोन बदलला की तीव्रता कॉसच्या वर्गाने बदलते, हे त्याने पुढच्याच वर्षी मांडलं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असताना लंडनच्या रॉयल सोसायटीने १८१० चं रम्फर्ड पदक त्याला दिलं. १८१२ मध्ये क्षयाने तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

गंमत अशी की मालुसच्या लेखी प्रकाश म्हणजे लाट नव्हतीच. तो कणवादी. प्रकाशाच्या कणांना चुंबकासारखी टोकं असतात, ध्रुव असतात, आणि परावर्तनात ते सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात, असं त्याचं चित्र. त्यावरूनच त्याने नाव दिलं पोलरायझेशन. आपण त्याचं मराठी केलं ध्रुवण. दिशा दाखवणारा ध्रुवतारा आठवून मला वाटायचं, काय चपखल शब्द आहे! तो चपखल आहे खरा, पण एका चुकीच्या कल्पनेला. प्रकाशाच्या लाटा आपल्या जाण्याच्या दिशेला काटकोनात कंप पावतात हे फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं १८२१ मध्ये, मालुस गेल्यावर नऊ वर्षांनी. कण नाहीत, ध्रुव नाहीत, तरी नाव टिकलं आणि सूत्रही टिकलं. चुकीच्या चित्रातून बरोबर सूत्र काढणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. मी नेमकं उलटं केलं होतं.

गाळणीच्या चित्राची अजून एक आवृत्ती आहे, गजांच्या कुंपणाची. दोरी कुंपणातून ओवून हलवली तर उभी लाट गजांमधून पार जाते, आडवी अडते. हे चित्र सगळ्यांनाच भेटतं आणि त्यात दिशा चक्क उलटी आहे. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये विद्युतचुंबकीय लाटांसमोर समांतर तारांची जाळी धरून पाहिली होती. तारा लाटेच्या विद्युतक्षेत्राला समांतर असतील तेव्हा लाट अडते, काटकोनात असतील तेव्हा पार होते. कारण उघड आहे. क्षेत्र तारेच्या दिशेने असेल तर तारेतले इलेक्ट्रॉन लांबवर धावू शकतात आणि लाट बहुतेक परत फेकली जाते. आडव्या दिशेला त्यांना धावायला जागाच नसते. पोलरॉइडमध्ये तारांच्या जागी रेणूंच्या लांब साखळ्या असतात. म्हणजे अडवते ती मोकळी वाट. ज्या दिशेला गज, त्याच दिशेची लाट मरते.

या बाबतीत जगदीशचंद्र बोस यांची युक्ती मला सगळ्यांत आवडते. कलकत्त्यात १८९० च्या दशकात ते मिलिमीटरच्या मापाच्या लाटांवर काम करत होते, आणि त्यांच्यासाठी ध्रुवक म्हणून त्यांनी वापरलं रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक, पानापानांत कथिलाचे पातळ वर्ख घालून. पुस्तक फिरवलं की लाट अडे किंवा सुटे. पुढे तागाच्या पिळलेल्या जुड्या घेऊन त्यांनी लाटेची ध्रुवणाची दिशाच वळवून दाखवली.

माझ्या टेबलावरच्या फिल्मची वंशावळ त्याहून विचित्र आहे. १८५२ मध्ये ब्रिस्टलचा डॉक्टर विल्यम हेरापथ याच्या शिष्याने, क्विनीन खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकलं. हिरवट सुया तयार झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे दोन सुया एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, तिथे एक काळा डाग दिसत होता. पण हे स्फटिक इतके ठिसूळ की मोठे होईनात. एडविन लँड या तरुणाने हार्वर्ड अर्धवट सोडून यावर डोकं लावलं आणि प्रश्नच फिरवला: एक मोठा स्फटिक कशाला? बारीक सुया असंख्य घ्या आणि सगळ्या एका दिशेला लावा. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९३८ मध्ये त्याने स्फटिकही टाकून दिले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पडदा ताणायचा, म्हणजे त्याचे रेणू सरळ रेषेत येतात, आणि मग त्याला आयोडीन पाजायचं. बाकी राखाडी रंग, करकर, कडेच्या चिरा. आणि ती जांभळी झाकही आयोडीनचीच: निळ्या-जांभळ्या टोकाला ही फिल्म थोडी गळते. त्या दोन घरांतला काही उजेड बाहेरून आलेला असेल, पण काही या गळतीचा होता. मीटर बरोबर होतं.

आता तिसऱ्या तुकड्याकडे येते.

दोन तुकडे काटकोनात लावलेले, फोनवर ३ लक्स. माझ्या हातात एक तुकडा उरला होता. गाळणीचा हिशेब अगदी साफ आहे. दोन चाळण्यांतून काही पडत नसेल तर तिसरी लावून काय होणार? असलेलं कमीच होणार. कुठलीही चाळणी वाळू वाढवत नाही. मी तो तुकडा दोघांच्या मधे, पंचेचाळीस अंशांच्या कलाने, सरकवला.

सत्तर लक्स.

तुकडा काढला, तीन. घातला, सत्तर. सकाळी पडदे उघडले आणि तेच तुकडे खिडकीकडे धरून डोळ्यांनी बघितलं. खिडकी विझलेली होती, आणि त्या काळोखात तिसऱ्या तुकड्याच्या आकाराचा एक उजळ चौकोन उभा होता, स्वच्छ कडांचा, आरपार दिसणारा. तोच तुकडा मी पुढच्या बाजूला नेला: काही नाही. मागे नेला: काही नाही. फक्त मधे. हे आकडे मला आधी माहीत होते, पुस्तकात वाचलेले होते, सूत्रातून दोन ओळींत निघतात. पहिल्यातून अर्धा, त्याचा पंचेचाळीसने अर्धा, त्याचा पुन्हा पंचेचाळीसने अर्धा, एकअष्टमांश. १०४० चा एकअष्टमांश १३०, आणि माझी फिल्म दर वेळी आपला वाटा खाते म्हणून सत्तर. सगळं जुळत होतं. तरी मी तो तुकडा किती वेळा आत-बाहेर केला ते मोजलं नाही.

चाळणी वाळूच्या कणाला हात लावत नाही. तो जसा वर होता तसाच खाली येतो. चाळणी फक्त निवडते. पोलरायझर निवडत नाही, तो घडवतो. त्याच्यातून बाहेर पडलेला प्रकाश आत गेलेल्यापैकी शिल्लक राहिलेला नसतो, तो त्या तुकड्याच्या अक्षावर नव्याने बेतलेला असतो. आधी त्याची दिशा कोणती होती, याची खूण त्यात उरत नाही. मधला तुकडा उभ्या प्रकाशाला तिरका करतो, आणि तिरक्याचा काही भाग आडव्याच्या वाट्याला येतो. त्याने प्रकाश निर्माण केलेला नसतो. जो शेवटच्या तुकड्यात जाऊन पूर्ण मरणार होता, त्यातला अर्धा त्याने स्वतः मारला आणि उरलेल्याला पुढे जगण्याजोगं केलं.

हे एकदा लक्षात आलं की हाव सुटते. मधे एका ऐवजी दोन तुकडे ठेवले, तीस आणि साठ अंशांना, तर? प्रत्येक पायरीला पाऊण भाग उरतो, तीन पायऱ्या, म्हणजे पहिल्या तुकड्यातून आलेल्याचा ४२ टक्के. एकच ठेवला तेव्हा पंचवीस होता. एकेका अंशाने वळणारे नव्वद आदर्श तुकडे ठेवले तर ९७ टक्के प्रकाश काटकोनात वळून बाहेर येईल. एकदम वळायला सांगितलं तर सगळा मरतो, अंशाअंशाने सांगितलं तर जवळजवळ सगळा वळतो. कागदावर. माझ्या फिल्मचे नव्वद तुकडे लावले तर विजेरीच्या जागी सूर्य ठेवूनही पलीकडे काळोखच.

खऱ्या जगात ही युक्ती चालवतात ती न शोषणाऱ्या पदार्थाने, आणि ती आपण रोज बघतो. साध्या एलसीडी पडद्यात काटकोनात ठेवलेले दोन ध्रुवक असतात आणि मधे द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर. त्याचे रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जिन्यासारखे नव्वद अंशांत वळत गेलेले असतात. प्रकाश त्या जिन्याने वळत जातो आणि दुसऱ्या ध्रुवकातून आरामात बाहेर पडतो. विजेचा दाब दिला की रेणू उभे राहतात, जिना नाहीसा होतो, प्रकाश वळत नाही आणि तो ठिपका काळा पडतो. दाब अर्धामुर्धा दिला की करडा. कॅल्क्युलेटरवरचा काळा आकडा म्हणजे त्या जागी मोडलेला जिना. मी एका बंद पडायला आलेल्या कॅल्क्युलेटरची वरची फिल्म सोलून काटकोनात फिरवून धरली, तर आकडे पांढरे आणि मागचं सगळं काळं. पुन्हा चिकटवता आली नाही, ते वेगळं.

एक गोष्ट मात्र अजून पचलेली नाही. प्रकाश इतका मंद करता येतो की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक अविभाज्य कण, तुकड्यापाशी यावा. फोटॉनचे काठीसारखे हिस्से पडत नाहीत. साठ अंशांना पाव फोटॉन पलीकडे गेला, असं कधी होत नाही. तो एकतर पूर्ण जातो किंवा अजिबात जात नाही. जाण्याची शक्यता पाव. कॉस स्क्वेअर थीटा तोच, पण आता ती तीव्रता राहिली नाही, संभाव्यता झाली. माझ्या फोनवरचे ९१ लक्स म्हणजे अगणित फोटॉनांच्या हो-नाहीची गोळाबेरीज. आणि जो पार गेला तो पुन्हा नव्या अक्षाचा. मालुसचे कण असे मागच्या दाराने परत आले; ध्रुव मात्र आले नाहीत.

हे सगळं करून झाल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. आम्ही अधूनमधून बोलतो, पण पोलरॉइडबद्दल नाही.

"अगं, ते मालुसचं प्रॅक्टिकल आठवतं का? नव्वदचं रीडिंग?"

"शून्य," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. मग थांबली. "नव्हतं ना पण. तू सारखी म्हणत होतीस, काटा खाली येत नाहीये."

"आणि तू म्हणालीस शून्य लिही."

"लिहिलं कुणी?"

मी नव्या वहीचं पान, आलेखासकट, फोटो काढून तिला पाठवलं. नव्वदच्या पुढे ३, ऐंशीच्या पुढे १३, आणि कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत सत्तर. दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "वक्र शेवटी उचललाय. सर सही करणार नाहीत."